उतारावरचे वीस भालेवाले

विहारात पंचशील म्हणताना चौथ्या ओळीशी माझा आवाज खाली जातो. खोटं बोलणार नाही, अशी ती ओळ. शेजारी बसणाऱ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला दम पुरत नाही. त्यांना तसं वाटू देणं मला इतकी वर्षं सोयीचं गेलं. बायकोने एकदोनदा विचारलं, "गिरदावर साहेबांचं नाव निघालं का तुमी उठून काऊन जाता?" मी म्हणालो, पाय आखडतात. आता पाय खरंच आखडतात, पटकन उठता येत नाही. म्हणून बसल्या जागी लिहून टाकतो.

गिरदावर म्हणजे गावोगाव फिरून पिकं आणि हद्दी तपासणारा महसूलचा माणूस. शब्द निजामाच्या वेळचा. पुढं सरकारने त्या हुद्द्याला दुसरं नाव दिलं, पण आमच्या आदिलाबादेत साहेब निवृत्त झाल्यावरही गिरदावर साहेबच राहिले. मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो. पंधरा वर्षं त्यांनी माझ्या अक्षरावर लाल पेन्सिल फिरवली आणि एकदाही आवाज चढवला नाही. मला कायम "तुमी" म्हणाले. माझ्या बापाला त्या तालुक्यात कोणी "तुमी" म्हटलेलं मला आठवत नाही.

अंगाने उंच, वाळलेले. जरीब वाहून डावा खांदा खाली गेलेला. जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. चालताना ओठ हलायचे. लोकांना वाटायचं जप करतात. ते पावलं मोजायचे. एकदा आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि नमस्काराच्या आधी म्हणाले, "बस स्टँडापासून तुमचं घर चारशे बारा. मागल्या साली चारशे पाच होतं."

"घर तर तिथंच हाय साहेब."

"घर तिथंच हाय. मी म्हातारा होऊन राह्यलो."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक लोखंडी कडी असायची, बोटभर लांबीची. तिची हकीकत कचेरीत सगळ्यांना ठाऊक होती. तरुणपणी एका उन्हाळ्यात त्यांच्या जरीबेची एक कडी तुटली. गावातल्या लोहाराने दुसरी बसवून दिली. ती दोन बोटांच्या रुंदीइतकी आखूड होती आणि साहेबांनी ती ताडून पाहिली नाही. तो सगळा हंगाम त्याच जरीबेने मोजणी झाली. दिवाळीनंतर लक्षात आलं. कोणी तक्रार केली नव्हती, कोणी करणारही नव्हतं. साहेब बोथपासून तामसीपर्यंत एकेका गावी परत गेले, चावडीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचं शेत मी चुकीचं मोजलं. चूक माही हाय. पुन्हा मोजू द्या." लोक हसले. एकाने तर चहा पाजून परत पाठवायचा प्रयत्न केला. त्यांनी सगळी शेतं पुन्हा मोजली. स्वतःविरुद्ध स्वतःच अहवाल लिहिला. त्यामुळे बढती मागं पडली ती पडलीच. लोहाराची कडी मात्र त्यांनी खिशात ठेवली.

काही बिघडलं, कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं पीक बुडालं, की साहेबांचा एकच प्रश्न असायचा. "कडी कोणती?" काऊन झालं, असं ते विचारत नसत. ते म्हणायचे, "काऊन इचारलं का मानूस नशीब सांगते. कडी इचारली का जागा दाखवाव लागते."

त्यांना तो खेळ कसा सापडला, ते सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कचेरीत कॉम्प्युटर येणार अशी आवई होती आणि आम्हा कारकुनांना शिकून घ्या म्हणून सांगितलं होतं. मी जिनिंगच्या सामानाच्या दुकानावरच्या माडीत एका क्लासला जाऊ लागलो. क्लास एका निर्मलकडच्या बाईंचा होता. घरी तेलुगू बोलणाऱ्या, आमच्याशी मराठी. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. मॅडमचा शेजाऱ्याशी भिंतीवरून वाद होता, म्हणून मी निवृत्त साहेबांना मोजायला घेऊन गेलो. भिंत मोजून झाली. साहेब हिशेबाचा कागद द्यायला माडीवर आले आणि दारातच थबकले.

एका पडद्यावर सगळा काळोख होता आणि मधोमध वाटीएवढं हिरवं गाव. चार झोपड्या, एक चौक, दोनचार माणसं. एक माणूस काळोखाकडे चालत निघाला, तसा त्याच्या पायापुढचा काळोख मागं सरकत गेला आणि खालून गवत, झाडं, एक हरिण असं निघत गेलं. माघात पहाटे बोथच्या रस्त्याने जावं आणि धुक्यातून कपाशीची एकेक पळाटी उभी राहत यावी, अगदी तसं.

"या काळ्यात काय हाय?" साहेबांनी विचारलं.

"अजून कोणी पाहिलं नाही सार," मॅडम म्हणाल्या. "माणूस जाईल तेवढंच दिसतं."

साहेब टोपी काढून खुर्चीवर बसले. "मंग जाऊ ना पाह्याले," म्हणाले.

त्या खेळाचं इंग्रजी नाव होतं. आम्ही त्याला "गाव" म्हणायचो. मॅडमकडे चार यंत्रं तारेने जोडलेली होती. चौघं बसले की चार गावं. लाकूड तोडायचं, शेती करायची, कोट बांधायचा, सैन्य उभं करायचं आणि समोरच्याचं गाव पाडायचं. बुद्धिबळात तुम्ही विचार करता तोवर समोरचा थांबतो. इथं कोणी कोणासाठी थांबत नाही. तुम्ही विचार करत असता तेव्हाही कुठंतरी काळ्यात कोणीतरी तुमच्याकडे चालत येत असतो.

साठी ओलांडलेले साहेब विशीतल्या पोरापोरींशी खेळू लागले आणि पहिले चार महिने रोज हरले. हरायची कारणंही त्यांचीच. खेळ सुरू झाला की बाकीचे लाकडं तोडायला माणसं लावायचे. साहेब एक माणूस आधी गावाची शीव फिरायला पाठवायचे. "हद्द पाह्यल्याबिगर नांगर कसा धरावा?" गावाजवळची झाडं तोडायला त्यांचा हात धजत नसे. पडद्यावरच्या माणसांना ते नावं द्यायचे. एखादा रिकामा उभा दिसला तर म्हणायचे, "अरे बाप्पा, तू काऊन उभा हायेस? जेवला का नाई?" तोवर त्यांचं गाव पेटलेलं असायचं.

हरल्यावर मात्र खरं काम सुरू व्हायचं. दुपारचा क्लास सुटलेला असायचा. साहेब जमिनीवर चटई टाकायचे आणि पिशवीतून पुड्या काढायचे. चिंचोके म्हणजे गावची माणसं, सरकी म्हणजे आपले शिपाई, तुरीचे दाणे म्हणजे शत्रू. नदीला निळी सुतळी. मग सगळा खेळ पहिल्यापासून मांडायचा. पाचव्या मिनिटाला कोण कुठं होतं, दहाव्याला कुठं. जिंकणाऱ्यालाही ते चटईवर बसवून घ्यायचे. "बाबू, तू मले हारवलं, आता दाखव." पोरं आधी हसायची, मग रमायची. याला ते पंचनामा म्हणायचे. जुन्या फॉर्मांच्या पाठीवर नीट ओळी आखलेल्या असायच्या: हारणाऱ्याचे नाव, हारीची जागा, हारीची वेळ, तुटलेली कडी. खाली दोन पंचांच्या सह्या. पंच म्हणजे मॅडम आणि मी.

"सार, सरकी कीबोर्डमध्ये जाते. मुंग्या येतात," मॅडम कुरकुरायच्या.

"मुंग्याईले येऊ द्या. त्या चुकत नाईत. त्याईच्यापासून शिका."

त्या पंचनाम्यांतून त्यांच्या लक्षात आलं, की गाव पडतं त्या वेळी आपण हरत नसतो. हार आधीच कुठंतरी होऊन गेलेली असते, कधी पंधरा मिनिटं आधी, कधी वीस. एकदा तिसऱ्या मिनिटाला एक माणूस झाडाआड विसरला होता, तिथं कडी सापडली. एकदा गाव जळताना कोठारात धान्य शिगोशीग भरलेलं राहिलं, त्यावर त्यांनी लिहिलं, "साठवीत बसलो. वापरले नाही." तीच चूक ते पुन्हा करत नसत. नवी करत. पाचव्या महिन्यात ते जिंकू लागले. वर्ष संपता संपता त्यांना हरवणारा त्या माडीवर कोणी उरला नाही. तरी खेळायला बसताना चेहरा तसाच, सकाळी धुक्यात निघालेल्या माणसाचा. मला एकदा म्हणाले, "मले सपनातही काळंच दिसते. मी चालतो अन् खालून जमीन निंगते. एकदा तर त्याच्यात माही माय उभी होती, टोपलं घेऊन. मी तिच्याकडे गेलो नाई. काऊन का जागा व्हाचं भेव वाटलं."

जोडीने खेळायचं असलं की ते मला सोबत घ्यायचे. दोन गावं एका बाजूला, दोन दुसऱ्या. जोडीदाराच्या शिपायांना काय दिसतं ते आपल्या पडद्यावर दिसत नसे. त्याने तोंडाने सांगायचं. आमच्या खुर्च्या लागून होत्या, मान वळवली तर माझा पडदा त्यांना दिसला असता. पण साहेब कधी वळले नाहीत. "दुसऱ्याच्या वावरात डोकावू नये. इचारावं." मी मात्र त्यांच्या पडद्याकडे तिरक्या नजरेनं बघायचो.

प्रत्येक डावात मला एकच काम असायचं. नदी जिथं उथळ असेल, माणसं पायी ओलांडू शकतील, त्या जागेला आम्ही उतार म्हणायचो. "तुमी उतारावर. हालाचं नाई." बस. साहेब गावं पाडायचे, कोट बांधायचे, आणि मी वीस भालेवाले घेऊन पाण्याकडे बघत उभा.

माझा बाप दुसऱ्यांच्या ज्वारीत मचाणावर बसून राखण करायचा. कणसं भरली की गोफण घेऊन वर चढायचा आणि दिवसभर पाखरं हाकायचा. पीक घरी गेलं की मचाण मोडायचं. कोणाच्या सुगीत त्याचं नाव निघालं नाही. मी शिकलो, कारकून झालो, खुर्चीवर बसलो. आणि त्या पडद्यावर पाण्याकडे बघताना मला सारखा बाप दिसायचा. साहेबांच्या मनात तसं काही नव्हतं. उतार ते फक्त भरवशाच्या माणसाला देत, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त मचाण दिसायचं.

मॅडमनी एका रविवारी सामने ठेवले. आसपासच्या क्लासांतली माणसं आली. शेवटचा सामना आमचा आणि किनवटहून जीपने आलेल्या दोघा भावांचा. कपाशीच्या व्यापाऱ्याची मुलं, हिंदी बोलणारी, चलाख. बक्षीस भिंतीवरचं घड्याळ होतं, पण साहेबांना त्यापेक्षा त्या दोघांना चटईवर बसवायची घाई होती. मॅडमनी बाकीच्यांना बाहेर गॅलरीत थांबवलं आणि त्या स्वतः दारात उभ्या राहिल्या, तिथून कोणाचाच पडदा दिसत नव्हता.

साहेबांनी गावाला दगडी कोट घातला. कोटाला उत्तरेला एकच फाटक. मागच्या अंगाला कोट नव्हता, तिथं नदी होती, आणि नदीला एकच उतार. म्हणजे आत यायच्या वाटा दोन. फाटक साहेबांचं, उतार माझा.

वीस मिनिटं उतारावर काही झालं नाही. पाणी नुसतं चमकत होतं. शेजारी साहेबांचं गाव भरभरून वाढत होतं. मला वाटलं, आपण हे वीस जण घेऊन काळ्यातून पलीकडे गेलो, त्यांच्या गावाच्या मागून शिरलो, तर हा डाव मी संपवीन. एकदा तरी मी. फार विचार केला असंही नाही. वीसही जणांना एका चौकोनात धरलं आणि काळ्यात पाठवून दिलं.

ते चालत होते आणि त्यांच्यापुढं गवत उघडत होतं. इतकं छान दिसत होतं ते, की काय सांगू.

"उतार?" साहेबांनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"हाय साहेब," मी म्हणालो.

त्याच वेळी मी तिरकं त्यांच्या पडद्याकडे पाहिलं होतं. लाकडं घेऊन शेवटचा माणूस आत आला आणि साहेबांनी फाटक लावलं. दोन्ही फळ्या एकमेकीला भिडलेल्या मी पाहिल्या.

माझे वीस जण शत्रूच्या बुरुजाखाली गेले आणि तिथंच मेले. तोवर शत्रूचे घोडेस्वार मोकळ्या उतारावरून साहेबांच्या गावात शिरले होते. साहेबांना ते दिसले ते थेट चौकात. ते कुठून आले ते दिसलं नाही. नदीच्या बाजूला त्यांचा कोणी माणूस नव्हता, ती बाजू माझी होती. दहा मिनिटांत सगळं संपलं. पडद्यावर हरल्याची पाटी आली आणि नकाशा गेला.

साहेबांनी चटई पसरली. "उतारावर काय झालं?"

मी म्हणालो, "काई नाई साहेब. मी शेवटपर्यंत तिथंच होतो. तिकडून कोणी आलं नाई."

हे मी का बोललो? ते रागावले नसते. चटईवर एक सरकीचा दाणा सरकवून म्हणाले असते, "हे पाहा कडी," आणि मला पंचनाम्यात हारणारा म्हणून सही करायला लावली असती. पण पंधरा वर्षांची लाल पेन्सिल माझ्या डोळ्यापुढं आली आणि तोंडातून ते वाक्य गेलं.

साहेबांचे गुडघे दुखत होते. भाऊ घड्याळ घेऊन जिना उतरत होते. "जा, त्याईले इचारून या," साहेब म्हणाले, "कुठून आले."

मी खाली गेलो. मोठा भाऊ जीप सुरू करत होता. "नाले से आए, अंकल," तो हसला. "वहाँ तो कोई था ही नहीं. आपका आदमी सो गया था क्या?"

मी वर आलो आणि म्हणालो, "फाटकातून आलो म्हणतेत."

साहेबांच्या बोटात एक चिंचोका होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही. "फाटक मी लावलं होतं," ते हळू म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "लावलं होतं ना?" मी म्हणालो, "मले कसं दिसन साहेब? मी तर माह्याच पडद्यात होतो."

त्या दिवशीचा पंचनामा कोराच राहिला.

नंतरचे दोन-अडीच महिने साहेब घरी चटई मांडून बसले. मी गेलो की तोच डाव पसरलेला असायचा, तीच निळी सुतळी. दाणे पुढं सरकवायचे, मागं आणायचे. फाटकापाशी येऊन थांबायचे. साहेबांच्या घरच्या बाई चहा ठेवत म्हणायच्या, "पाहा ना भाऊ, ज्वारी निवडाले चटई सापडून नाई राह्यली घरात." मी दर वेळी ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

मग एका सकाळी त्यांनीच निरोप पाठवला. गेलो, तर चेहरा मोकळा झालेला. चटई गुंडाळून ठेवलेली.

"कडी सापडली," ते म्हणाले. "बसा. आयुष्यभर मी लोकाईले काय सांगितलं? दोन जनाची साक्ष एक निंगाली का एकट्याची याद बाजूले ठेवाव. तुमी म्हणता उतारावरून कोणी आलं नाई. जिंकणारे म्हणतेत फाटकातून आलो. दोन साक्षी झाल्या. मी एकटा म्हणतो फाटक लावलं होतं. मंग खोटं कोण?"

"साहेब..."

"माही याद खोटी. मी फाटक उघडं ठेवलं, अन् लावलं असं मले याद हाय. उघडं ठेवणं मोठी चूक नाई, बाप्पा. कोणालेबी होते. पण जे केलं नाई ते केल्यासारखं याद राहाव, ही कडी हाय."

त्यांनी कागद पुढं केला. तुटलेली कडी, या शब्दांपुढं त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "हारणाऱ्याची याददाश्त." वाऱ्याने कागद उडू नये म्हणून त्यावर लोहाराची कडी ठेवलेली होती.

"पंच म्हणून सही करा. मॅडम करतीन मागून."

मी सही केली. माझं अक्षर त्यांनीच वळण लावलेलं. त्यांनी सही नीट पाहिली आणि म्हणाले, "वा. आता वेलांटी बरोबर येते."

मला वाटलं होतं, एवढ्यावर संपेल. खेळ तर खेळ. ते आता खेळणार नाहीत, इतकंच.

पण साहेब निवृत्तीनंतर एक काम करत आले होते. शिवारात बांधाचे वाद झाले, की दोन्हीकडचे लोक त्यांना घेऊन जायचे. ते जरीब लावायचे, जुन्या खुणा आठवायचे. इथं बाभूळ होती, इथं दगड गाडला होता. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा दगड त्यांना हाताच्या अंतरावर सांगता यायचा. त्यांनी खूण दाखवली की दोन्हीकडचे मान डोलवून घरी जात. कोर्टकचेरी होत नसे.

त्या पावसाळ्याआधी मी त्यांच्याकडे बसलो असताना तामसीकडची एक बाई आली. नवरा वारलेला. शेजारचा दरसाल तिचा बांध कोरत होता. "साहेब, तुमी माह्या सासऱ्याच्या टायमाले मोजलं होतं," ती म्हणाली. "दगड कोठी हाय ते तुमालेच याद हाय. शेजारीबी म्हणते, गिरदावर साहेब सांगतीन ते कबूल."

साहेबांनी तिला पाणी दिलं. मग हात जोडले. "माय, मी नाई येऊ शकत."

"काऊन साहेब? गाडी आणतो ना मी."

"मी फाटक उघडं ठेवलं होतं, माय. अन् मले याद हाय का लावलं होतं. माह्या यादेवर आता कोणाचा बांध टाकू? उद्या तुहा दगड मी दुसऱ्याच्या वावरात सांगीन अन् मले खरंच वाटन."

ती गोंधळून गेली. त्यांच्याकडून तिनं माझ्याकडे पाहिलं. "कोन्तं फाटक, दादा?"

मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. साहेबही माझ्याकडे बघत होते, आपल्या पंचाकडे. मी बाईला म्हणालो, "साहेबाची तब्येत बरी नाई."

ती उठून गेली. त्या साली तिचा बांध नांगराची चार काकरं आत सरकला. पुढच्या साली आणखी. मला कसं ठाऊक? मी बसने तामसीला जाऊन रस्त्यावरून पाहून आलो. दोनदा. तिच्या दारात गेलो नाही.

साहेब पुढं मुलीकडे उटनूरला राहायला गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी जरीब एका तरुण मोजणीदाराला देऊन टाकली आणि लोहाराची कडी माझ्या तळहातावर ठेवली. "मले आता हिचं काम नाई. तुमी सांभाळा. तुमी जागा सोडत नाई."

ती कडी आत्ता या कागदावर आहे. पंख्याने कागद उडतात.

उटनूरला मी एकदाच गेलो. बसमध्ये खिडकीला बसून वाक्य पाठ करत होतो. रस्ता सागाच्या जंगलातून जातो. वळणावळणाला झाडं पुढं येत होती आणि मागं जात होती, आणि मला वाटत होतं, मी त्यांच्याच नकाशातून चाललोय, कोणी तरी मला काळ्यात पाठवलंय आणि मी चालेन तेवढाच रस्ता उघडतोय. गुडीहत्नूर मागं पडलं तोवर वाक्य पक्कं होतं.

साहेब अंगणात बाजेवर होते. मला ओळखलं. पावलं मोजली का, विचारलं. मी म्हणालो, नाही मोजली. "मोजत जा," म्हणाले. अंगणात शेवग्याची फुलं गळत होती.

"पयले काळं मागं सरकत होतं," ते एकदम म्हणाले. "आता उलटं हाय. रोज थोडं थोडं पुढं येऊन राह्यलं. काल बोथचा बाजार गेला. सकाळी तुमचं नाव शोधत होतो. सापडलं. बरं झालं, आले तुमी." आणि मग, अगदी शांतपणे, "पण मले याचं दुःख नाई. कडी आधीच सापडली होती ना. पंचनामा झालेला हाय."

मी तोंड उघडलं. ते वाट बघत होते. ऐकायची त्यांना सवयच होती. समोरच्याला पूर्ण बोलू देत.

"काऊन आल्ते?" त्यांनी विचारलं.

"सहजच," मी म्हणालो. "इकडं काम होतं."

शेवटची बस गाठायला मी लवकर निघालो. त्यानंतर सहा महिन्यांनी ते गेले. बसमध्ये पाठ केलेलं वाक्य मी पुन्हा कधी कोणापुढं म्हटलं नाही. पण विसरलोही नाही. ते असं होतं:

साहेब, पंचनामा खोटा हाय. उतारावर कोणी नव्हतं, मी जागा सोडली होती अन् तुमाले सांगितलं नाई. ते पोरं उतारावरूनच आले, त्याईनं मले तसंच सांगितलं होतं. मले माफ करा. फाटक बंद होतं, साहेब. तुमीच लावलं होतं. मी पाह्यलं होतं. तुमाले बरोबर याद होतं.